दंतवैद्याने उपटलेला अ‍ॅक्सल

मित्रांनो, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. तिथे एखाद्या बॉनेटवरून हात फिरवत "वा, काय चकाकी आहे!" असेही म्हणाला असाल. म्हणा बापडे. चकाकीला काय, कोणीही भुलते. पण त्या चकाकीच्या खाली, मागच्या दोन चाकांच्या मध्ये, चिखल अंगावर घेत जो आडवा पडलेला असतो, त्याच्याकडे वाकून बघण्याची तसदी तुमच्यापैकी एकानेही घेतली नसेल. तो मी. पन्नास वर्षांचा जुना मागचा अ‍ॅक्सल.

अ‍ॅक्सल म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर लाजू नका. ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनाही ते ठाऊक नव्हते, आणि माझी सगळी कहाणी त्यामुळेच घडली. मी म्हणजे एक जाड पोलादी नळा, मध्ये पोट सुटलेला. इंजिनाकडून येणारा फिरता दांडा माझ्या पोटात शिरतो. पोटात एक लहान आणि एक मोठे अशी दोन दातेरी चक्रे आहेत. ती एकमेकांत दाते अडकवून ते फिरणे काटकोनात वळवतात आणि दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत पोचवतात. इंजिन नुसते गुरगुरते. गाडी पुढे जाते ती माझ्यामुळे. ही बढाई नाही. बढाई मारायला बॉनेटच्या टोकावरचा तो चकचकीत पक्षी आहे, ज्याने पन्नास वर्षांत गाडी एक इंचभरही ढकललेली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलाद वितळवून माझे पोट ओतले, दोन्ही बाजूंना नळ्या ठोकून बसवल्या, आणि मला एका लांबलचक बाकावर माझ्यासारख्याच चाळीस जणांच्या रांगेत ठेवले. तिथे एक तपासनीस होता. जाड भिंगाचा चष्मा, हातात छोटी हातोडी. तो प्रत्येकावर एक टिचकी मारायचा, मान तिरकी करून आवाज ऐकायचा, मग खडूने खूण करायचा. आमच्यातल्या दोघांना त्याने नुसत्या आवाजावरून बाजूला काढले. त्यांच्या अंगात केसाएवढी भेग होती. मला त्याने दोनदा ऐकले आणि बरोबरची खूण केली. माझे नीट ऐकणारा माझ्या आयुष्यातला तो पहिला माणूस.

मग मी एका गडद हिरव्या गाडीखाली बसलो आणि ती गाडी एका डॉक्टरीणबाईंनी घेतली. तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. बाळंतपणे करणे हे त्यांचे काम. दवाखाना होताच, पण निम्मी बाळंतपणे लोकांच्या घरी जाऊन. त्यामुळे गाडी शेडमध्ये लावायची ती नेहमी मागे मागे नेऊन, तोंड बाहेर करून. "बाळ काही फाटकाशी उभं राहून वाट बघत नाही," असे त्या म्हणत. मागच्या सीटवर व्हिजिटची काळी बॅग कायम तयार असे. तिच्यात कात्र्या, औषधे, टॉर्च, स्टेथॉस्कोप आणि गाडीची दुसरी किल्ली. आणि चालकाच्या सीटवर त्यांच्याशिवाय कोणी बसायचे नाही, हा त्या घरातला कायदा होता. मुलाने अठराव्या वर्षी एकदा तो मोडला आणि फाटकाचा खांब आडवा केला. तेव्हापासून त्यानेही ती सीट पुसायला म्हणूनसुद्धा हात लावला नाही.

मित्रांनो, ती माझ्या कष्टाची आणि मानाची वर्षे. खड्डे, दगड, गुडघाभर पाणी, सगळे मी पाहिले. आमचा एक म्हातारा मिस्त्री होता. दर सहा महिन्यांनी तो माझ्या पाठीवरचे झाकण उघडायचा, जुने तेल काढायचा, बोट फिरवून माझे दाते तपासायचा. बाई स्वतः शेजारी दिवा धरून उभ्या राहायच्या. मिस्त्री त्यांना सांगायचा, "बाई, हा एका सुरात बोलतोय तोवर बिनघोर फिरा. सूर बदलला की मला हाक मारा." बाईंनी हे लक्षात ठेवले. पण पुढे मिस्त्री वारला. त्याच्या गॅरेजात आता मोबाइलची कव्हरे विकतात. त्यानंतर अकरा वर्षे माझे झाकण कोणी उघडले नाही.

आणि गंमत बघा, नेमक्या त्याच अकरा वर्षांत आमची गाडी 'क्लासिक' झाली! आदल्या दिवशीपर्यंत जिला शेजारी 'खटारा' म्हणत होते, तिचे फोटो निघू लागले. टोप्या घातलेले हौशी लोक येत, पक्ष्याला कुरवाळत, सीटच्या कातड्याचा वास घेत, चाकांच्या तबकड्यांत स्वतःचा भांग बघत. एकाने तर तासभर हॉर्नवर भाषण ठोकले. हॉर्नवर! मी खाली चार बोटे चिखल घेऊन ऐकत होतो. यांच्यापैकी एकाला जरी मी "बाबा रे, माझ्या डाव्या टोकाचे बेअरिंग झिजले आहे" असे सांगू शकलो असतो, तरी त्याने बेअरिंग कशाशी खातात असेच विचारले असते.

होय, बेअरिंग झिजले होते. चाकाजवळ गोल कड्यात पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात, त्यांच्यावर माझा दांडा फिरतो. ते कडे तळहातावर मावेल एवढे. ते झिजले असले, तर गाडी वेगात आली की मागून 'घूंऽऽ' असा आवाज येतो. तो माझा आवाज. मी बोलत होतो, दुसरे काय!

बाईंना तो ऐकू येत नव्हता. त्या आता एकोणऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या, कान जड झाले होते. पण त्यांच्या मुलाला ऐकू आला, आणि इथून माझे दिवस फिरले. कारण हा मुलगा दंतवैद्य होता.

मला दंतवैद्यांबद्दल सरसकट काही म्हणायचे नाही. चांगलेही असतील. हा मात्र उपटण्यात पटाईत होता. दुखतंय? काढू या. हलतोय? काढू या. आवाज येतोय? काढू या आणि नवा बसवू या, झकास दिसेल. आईच्या बाबतीतही त्याचे तेच चालले होते.

"आई, पुरे झालं आता," एका सकाळी तो शेडमध्ये उभा राहून म्हणाला. "डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरतो. एकटी राहतेस, त्यात वर गाडी चालवतेस. किल्ली दे आणि माझ्याकडे राहायला चल."

"मोतीबिंदू काढतेय ना पुढच्या आठवड्यात? आणि हात चहाचा कप धरताना थरथरतो, स्टिअरिंग धरताना नाही."

"ते तू म्हणतेस."

"मग तू बघ. डोळा बरा झाला की पाण्याच्या टाकीला एक फेरी मारून दाखवते, सगळ्यांसमोर. नीट जमली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि नाही जमली तर?"

"तर किल्ली तुझी. घराला कुलूप लावून तुझ्याकडे येईन. शब्द आहे माझा."

बाई ऑपरेशनला गेल्या आणि नंतर दहा-बारा दिवस मुलीकडे राहिल्या. तेवढ्यात मुलाने ठरवले की आई फेरी मारणारच असेल, तर निदान गाडी तरी धड असावी. त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी कबूल करतो. खोट डोक्यात होती. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तिला काही कळवायचे नाही, असेही ठरले. मदतीला कोण, तर बहिणीचा नवरा. म्हणजे बाईंचे जावई. शाळेत भूमिती शिकवणारे मास्तर. त्यांनी मोटारीवरचे व्हिडिओ बघून वही भरली होती. एक उपटणारा आणि एक वही भरणारा. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला पापण्या नाहीत.

त्यांनी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, चढवली, चाके काढली, नटबोल्ट सोडले, आणि मला दोन्ही टोकांना धरून 'हुश्श' करत बाहेर ओढले. "संपलाय हा," दंतवैद्य म्हणाला. मित्रांनो, एवढेच त्याने पाहिले. माझ्या पाठीवरचे झाकण दहा बोल्ट सोडले की निघते. आत माझे दाते आहेत. जन्मभर लोकांचे जबडे उघडून आत आरसा घालणारा तो माणूस, पण माझ्या तोंडात डोकावून बघावे असे त्याला सुचले नाही. मला त्याने फरफटत नेऊन मागच्या भिंतीला टेकवले आणि अंगावर जुनी चादर टाकली. शनिवारी भंगारवाला येतो, त्याला द्यायचे ठरले.

माझ्या जागी आला तो एका पार्सलच्या व्हॅनखालचा अ‍ॅक्सल. अंगावर ताजा काळा रंग, रुंदी तंतोतंत. मी त्याच्याकडे पाहून नाक मुरडले. पोरगेलासा, उपरा, जन्मभर खोकी वाहिलेला! पण लगेच एक अडचण आली. अ‍ॅक्सल आणि गाडी यांच्यामध्ये पोलादी पाटे असतात, त्यांच्यावर गाडीचे वजन तोललेले असते. व्हॅनमध्ये हे पाटे अ‍ॅक्सलच्या वरून जातात, म्हणून पाटे टेकायच्या बैठकी त्याच्या अंगावर वरच्या बाजूला होत्या. आमच्या गाडीत पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. माझ्या बैठकी खाली आहेत. म्हणजे त्याच्या बैठकी कापून खालच्या बाजूला जोडायला हव्या होत्या. त्यासाठी वेल्डर हवा होता, आणि वेल्डर सोमवारशिवाय मिळत नव्हता. फेरी रविवारी होती.

"थांबा," मास्तर म्हणाले. त्यांनी खडू काढला आणि फरशीवर आकृती काढली. "मेहुणे, हे बघा. बैठकी वर आहेत, आपल्याला खाली हव्यात. मग कापायच्या कशाला? अख्खा अ‍ॅक्सलच उलटा करू. डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. दांडा घुसायचं तोंड पुढेच राहतं. आकृती सममित आहे."

"भावोजी, मानलं तुम्हाला!"

"एकशे ऐंशी अंश," मास्तर म्हणाले आणि खडू खिशात ठेवला.

मी चादरीखाली तळमळत होतो. अरे दीडशहाण्यांनो, बाहेरून सममित असेल, आतून नाही! पोटातले मोठे चक्र लहान चक्राच्या एकाच बाजूला असते. तुम्ही आम्हाला पालथे घातलेत की ते चक्र दुसऱ्या बाजूला जाते, आणि ज्या फिरण्याने चाक पुढे जायचे, त्याच फिरण्याने ते मागे जाते. गाडीचे चारही पुढचे गिअर मागे नेणार आणि मागचा एकुलता एक गिअर पुढे. पण अ‍ॅक्सलचे ओरडणे त्यांना ऐकू आले असते, तर मुळात मी भिंतीपाशी असतो का?

उलटा बसवलेला तो बिचारा एक खूण करत होता. आमच्या पाठीवर हवेसाठी एक बारीक भोक असते. ते आता जमिनीकडे वळले होते, आणि त्यातून थेंब थेंब तेल गळत होते.

"जास्त झालेलं तेल असेल," दंतवैद्य म्हणाला. "थांबेल आपोआप." पेशंटच्या रक्ताबद्दलही तो असेच म्हणत असावा.

शेवटी परीक्षा घेतली. चाके अजून हवेत होती. सीटवर बसायचे नाही हा कायदा पाळायचा, म्हणून मास्तरांनी खिडकीतून हात घालून गिअर पहिल्यात टाकला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, मागची चाके गरगर फिरू लागली. "फिरतायत! फिरतायत!" दोघांनी टाळ्या पिटल्या. चाके फिरत होती हे खरे. कुठल्या दिशेला, ते एकानेही पाहिले नाही. एक पदवीधर, एक द्विपदवीधर.

शनिवारी भंगारवाला आला नाही. त्याच्या मुलाला ताप होता. माझे आयुष्य त्या तापाने वाचवले, तुमच्या या विद्वानांनी नाही.

रविवारी सकाळी बाई आल्या. डोळ्यावर नवा काळा चष्मा, पायात त्याच जुन्या वहाणा. मुलगा, मुलगी, जावई सगळे शेडच्या दारात उभे राहिले. बाई सीटवर बसल्या. त्यांच्या पावलांचा तो ओळखीचा दाब मला भिंतीपाशीही कळला. त्यांनी आरशात पाहिले, पहिला गिअर टाकला, हळूच क्लच सोडला.

गाडी मागे आली आणि तिचा बंपर माझ्यावर आदळला. ठण्ण!

"आई, रिव्हर्स पडला," मुलगा म्हणाला. "घाबरू नकोस. परत टाक."

बाईंनी खाली वाकून पाहिले, सावकाश, पुन्हा पहिला गिअर टाकला. गाडी पुन्हा मागे आली. ठण्ण! माझ्यावरची चादर घसरून खाली पडली.

जावई बुटाच्या टोकाकडे बघत राहिले. मुलगी पुढे आली आणि तिने खिडकीतून आईच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे ना आई. होतं असं कधीकधी. वय झालं की..."

"मी पहिलाच टाकला होता गं," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता.

"दोनदा रिव्हर्स टाकलास आई," मुलगा म्हणाला. तो रागावला नव्हता, तेच वाईट होते. लहान मुलाला समजवावे तसा तो बोलत होता. बाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. याच हाताने त्यांनी चार हजार पोरे जगात आणली होती. मग त्यांनी किल्ली काढली आणि मुलाच्या तळहातावर ठेवली. "शब्द दिला होता. तुम्ही व्हा पुढे. मी येते पाच मिनिटांत."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला रडता येत नाही. पण त्या दोन विद्वानांना धरून एकशे ऐंशी अंशांत उलटे टांगावे, असे मला त्या क्षणी मनापासून वाटले. चूक त्यांची आणि शिक्षा भोगायची तिने! आणि वर दया दाखवणार हे!

सगळे घरात गेले. बाई बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. इंजिन बंद होते. त्यांनी गिअरचा दांडा हलवला. पहिला. परत मधे. पहिला. परत मधे. मग बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "हाताला विसर पडत नाही. डोक्याला पडेल एखाद वेळी." त्या खाली उतरल्या आणि जमिनीवर त्यांना तेलाचे थारोळे दिसले. जिथे पन्नास वर्षांत एक थेंब कधी पडला नव्हता, तिथे. नव्या डोळ्याचा पहिला उपयोग!

त्या मागे आल्या आणि त्यांनी मला पाहिले.

"अरे? तू इथे?" त्या म्हणाल्या. "मग खाली कोण आहे?"

मागच्या सीटवरची काळी बॅग त्यांनी उघडली, टॉर्च काढला, आणि गुडघ्यांना शिव्या देत देत जमिनीवर बसल्या, मग चक्क आडव्या झाल्या. एकोणऐंशीव्या वर्षी, इस्त्रीच्या साडीत, तेलाच्या थारोळ्याशेजारी. टॉर्चचा उजेड नव्या अ‍ॅक्सलवर फिरला. हवेचे भोक खाली. तेल गळतंय. बैठकी खाली, पण त्यावरची अक्षरे उलटी. मिस्त्री होता तोवर दर खेपेला त्याला दिवा धरलेली बाई ती. तिला खडू लागला नाही.

"पायाळू!" बाई म्हणाल्या. "पायाळू बसवलंय याला, मेल्यांनी!" आणि त्या जमिनीवर पडल्या पडल्याच खदखदून हसल्या.

मग त्या उठल्या, पदर झटकला, बॅगेतून दुसरी किल्ली काढली आणि सीटवर बसल्या. या खेपेला त्यांनी रिव्हर्स टाकला. सवयीने मागे वळूनही पाहिले. आणि गाडी डुलत डुलत पुढे निघाली.

पुढचे मला गाडीने नंतर सांगितले. रिव्हर्सचा गिअर हा चालण्याच्या वेगाचा असतो, त्यामुळे फाटकापर्यंत जायलाच मिनिट लागले. खिडकीतून पाहून मुलगा एका पायात चप्पल घालून धावत आला. "आई! थांब! किल्ली कुठून आणलीस?" बाईंनी काच खाली केली. "रिव्हर्समध्ये आहे रे मी. तूच म्हणालास ना, मी सारखा रिव्हर्सच टाकते?" आणि त्या पुढे गेल्या. पाण्याच्या टाकीला त्यांनी पुरी फेरी मारली. सायकलवाले त्यांना मागे टाकून गेले, एक भाजीची गाडीही पुढे निघून गेली. मुलगा शेजारून लंगडत चालत होता आणि गिअरच्या दांड्याकडे बघत होता. मास्तर मागून येत होते. टाकीच्या वळणावर ते एकदम थांबले, त्यांनी हवेत बोटाने काहीतरी आकृती काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. परत आल्यावर गाडी मागे मागे शेडमध्ये न्यायची होती. बाईंनी पहिला गिअर टाकला आणि ती आत नेऊन लावली, तोंड बाहेर करून, माझ्यापासून बरोबर एक वीत अंतरावर.

"झाली फेरी," त्या म्हणाल्या. "स्टूल आणा."

दोघेही आरोपीसारखे उभे राहिले. बाई माझ्यासमोर स्टुलावर बसल्या.

"याला का काढलात?"

"आवाज करत होता गं, आई. संपला होता तो."

"कुणी सांगितलं?"

बाईंनी स्टेथॉस्कोप कानाला लावला, त्याची गोल चकती माझ्या पोटावर ठेवली आणि जावयांना सांगितले, "मास्तर, ते टोक हाताने फिरवा. हळू." कारखान्यातल्या त्या तपासनिसानंतर इतक्या शांतपणे मला कोणी ऐकले नव्हते. जड झालेल्या कानांनीही त्यांनी मला ऐकले, कारण त्यांनी ऐकायचे ठरवले होते. चकती उजव्या टोकाला गेली. मग डाव्या. तिथे त्या थांबल्या, आणि त्यांनी स्टेथॉस्कोप मुलाच्या कानात घातला.

"खरखर," तो म्हणाला.

"पोटात?"

"नाही. पोट शांत आहे."

"आता झाकण काढ."

दहा बोल्ट निघाले. दंतवैद्याने टॉर्च धरला, कापडाने तेल पुसले आणि माझे दाते पाहिले. एकेक, सगळे, गोल फिरवून. झिजलेला नाही, तुटलेला नाही, सगळे एकसारखे चकाकणारे.

"एकही किडलेला नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"फक्त एक बेअरिंग गेलंय. आणि तू अख्खा जबडा काढलास." बाईंनी स्टेथॉस्कोप गुंडाळला. "माझंही तेच करणार होतास ना रे?"

मित्रांनो, त्या शेडमध्ये मी हातोड्या आदळताना ऐकल्या आहेत, पण इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. मुलगा खाली बसला. त्याने खिशातली किल्ली काढली आणि आईच्या हातात ठेवली. मग तो हात त्याने तसाच धरून ठेवला, बराच वेळ. तो हात मुळीच थरथरत नव्हता.

पुढच्या तीन दिवसांत त्या दोघांनी नव्या अ‍ॅक्सलला खाली उतरवले आणि मला परत चढवले. बाई स्टुलावर बसून ऑपरेशन करावे तसे हुकूम सोडत होत्या. "पाना. तो नाही, मोठा. मास्तर, विचार नका करू, पकडा." डाव्या टोकाला तळहाताएवढे नवे बेअरिंग बसले आणि माझा 'घूं' थांबला.

त्या उपऱ्याबद्दल मी वाटेल ते बोललो, त्यातले थोडे मागे घेतो. त्याच्या अंगात काही खोट नव्हती. त्याला डोक्यावर उभे केल्यावर तो तरी काय करणार? बाईंनी त्याचे हवेचे भोक वर करून ठेवले, अंग पुसले आणि एका पार्सलवाल्याला देऊन टाकले. आता तो खोकी वाहतो आणि सुलटा आहे, असे ऐकतो. त्या दोन विद्वानांबद्दलचे मात्र मी काहीही मागे घेत नाही.

त्यानंतर दोन वर्षे बाईंनी गाडी चालवली. मुलगा दर सहा महिन्यांनी येऊन माझे झाकण उघडायचा. एकदा मास्तर हसत म्हणाले की हल्ली तो दवाखान्यातही आधी विचारतो, "नक्की कुठे दुखतंय?" उशिरा का होईना.

मग एका सकाळी बाई शेडमध्ये आल्या, सीटवर बसल्या, पण त्यांनी इंजिन सुरू केले नाही. त्यांनी मुलीला बोलावले. "काल चौकातला लाल दिवा मला दिसला नाही," त्या म्हणाल्या. "दिसायला हवा होता. माझं मीच तपासलं दोनदा. आजपासून तू चालव." कोणी मागितली नसताना त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली, दरवाजा उघडला आणि त्या स्वतः उतरल्या. मुलगा तिथेच होता. या वेळी त्याने फक्त आईला शेजारच्या सीटवर बसवले आणि तिची काळी बॅग तिच्या मांडीवर ठेवली. मुलाने खांब आडवा केला तो दिवस सोडला, तर इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यावर दुसऱ्याच्या पावलांचा दाब आला. मी एका सुरात बोललो.

तुम्हाला काय सांगणार, मित्रांनो? तुमच्या घरातही कोणीतरी कुरकुरत असेल, पंखा असेल, सायकल असेल, आजोबा असतील. तुम्ही हुशार आहात, लगेच म्हणाल, "संपलाय हा." तर म्हणण्याआधी जरा गुडघे टेका, कपडे मळू द्या आणि कान लावा. झाकण उघडून आत बघा. आणि कोणाला काढून दुसऱ्याला बसवलेतच, तर चाके फिरली म्हणून टाळ्या पिटू नका. ती कुठल्या दिशेला फिरतायत, तेही एकदा बघा.